मोजणीचा नकाशा, घराचा प्लॅन एका प्रोग्राममधून दुसऱ्यात नेताय? आधी ‘लेयर’ सांभाळा

कळंब : शेताची हद्द कायम मोजणी झाली की भूमी अभिलेख कार्यालयाकडून आपल्या हातात ‘क’ प्रत येते. वाद असलेल्या जमिनीच्या नकाशावर दोन प्रकारच्या रेघा बघायला मिळतात. एक अभिलेखाप्रमाणेची हद्द, म्हणजे सरकारी रेकॉर्डला बांध जिथं आहे ती. दुसरी वहिवाटीची, म्हणजे आज प्रत्यक्षात नांगर जिथपर्यंत चालतो ती. या दोन रेघांमधल्या हातभर जमिनीवरून भाऊबंदकी पेटते, कोर्टाच्या तारखा पडत राहतात, हे आपल्याकडं कुणाला सांगायला नको.

आता समजा, कुंपणाला तार लावायची म्हणून तुम्ही हा नकाशा ओळखीच्या पोराकडं दिला. त्यानं तो कॉम्प्युटरवर ट्रेस करून घेतला, तिथून दुसऱ्या प्रोग्राममध्ये नेला, मग गूगल अर्थसाठी फाईल काढून तुमच्या व्हॉट्सॲपवर टाकली. तुम्ही फोन उघडला. नकाशा बरोबर दिसतोय, आकार तोच, गट नंबर तोच. फक्त दोन्ही रेघा आता एकाच रंगाच्या आणि एकाच जाडीच्या झाल्यात. यातली रेकॉर्डची कुठली आणि वहिवाटीची कुठली, हे फाईल बघून कुणालाच सांगता येत नाही. खांब रोवायला आलेला गडी मात्र त्यातली एक रेघ धरून खड्डे घ्यायला लागणार.

हे का होतं? रेघा हरवल्या नाहीत. रेघांचे ‘लेयर’ हरवले.

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. मोबाईलवरचा कुठलाही नकाशा हा सहीशिक्क्याच्या ‘क’ प्रतीच्या जागी चालत नाही. हद्दीच्या खुणा भूमी अभिलेखच्या मोजणीदारानं दाखवल्या तेवढ्याच खऱ्या. पण आजकाल ठिबकची पाइपलाइन, शेततळं, प्लॉटिंग, घराचा प्लॅन, सगळ्याचं काम कॉम्प्युटरवरच्या नकाशावर होतं, आणि तो नकाशा या प्रोग्राममधून त्या प्रोग्राममध्ये फिरत राहतो. म्हणून हे समजून घेणं कामाचं आहे.

लेयर म्हणजे कानातला बिल्ला

लेयर म्हणजे थर. हा शब्द आला ट्रेसिंग पेपरवरून. कॉम्प्युटर नव्हते तेव्हा ड्राफ्ट्समन एका ट्रेसिंगवर भिंती काढायचे, त्यावर दुसरं ट्रेसिंग ठेवून पाण्याचे नळ, तिसऱ्यावर लाइटची वायरिंग. सगळे एकावर एक ठेवले की पूर्ण घर दिसायचं, वेगळे केले की ज्याचं काम त्याला तेवढाच कागद द्यायचा. प्लंबरला वायरिंगशी काय करायचंय?

कॉम्प्युटरमध्ये मात्र असे वेगळे कागद नसतात. तिथं प्रत्येक रेघेला एक नाव चिकटवलेलं असतं. आपल्या गाई-म्हशींच्या कानाला बारा आकडी पिवळा बिल्ला असतो ना, तसं. जनावर बाजारात विकलं, मालक बदलला, तरी बिल्ल्यावरून नोंद सापडते. बिल्ला तुटला तर जनावर दिसायला तेच राहतं, दूधही तेवढंच देतं, पण रेकॉर्डला ते कुठलं हे कळत नाही. नकाशातल्या रेघेचंही तसंच. रेघ दिसते, लांबी बरोबर असते, पण ती विहिरीची, बांधाची, रस्त्याची की पाडायच्या भिंतीची, हे तिच्या लेयरच्या नावातच लिहिलेलं असतं. नाव गेलं की ती नुसती रेघ.

लेयर शाबूत असले की काम किती सोपं होतं बघा. यादीतून ‘पाइपलाइन’ बंद केली की फक्त बांध दिसतात. ‘वहिवाट’चा रंग एकदा लाल केला की त्यातल्या शंभर रेघा एकदम लाल होतात. लेयर नसतील तर तेच काम एकेक रेघ निवडून करावं लागतं, आणि ते पोरगं तुमच्याकडून त्याचे पैसे घेणारच.

डीडब्ल्यूजी आणि डीएक्सएफ

नकाशे काढायचा सगळ्यात वापरातला प्रोग्राम म्हणजे ऑटोकॅड. ऑटोडेस्क कंपनीनं तो १९८२ साली आणला. त्याची स्वतःची फाईल म्हणजे डीडब्ल्यूजी. दुसऱ्या प्रोग्रामशी देवाणघेवाण करायला कंपनीनं आणखी एक प्रकार काढला, तो डीएक्सएफ.

दोघांत फरक आहे. डीडब्ल्यूजीच्या आतली मांडणी कंपनीनं उघड केलेली नाही. बाकीच्या कंपन्यांनी ती वाचायची सोय आपली आपण लावली, त्यासाठी १९९८ मध्ये एक संघटनाही उभी राहिली, तिला आज ओपन डिझाईन अलायन्स म्हणतात. तिचा डीडब्ल्यूजीचं डीएक्सएफ आणि उलट करून देणारा एक प्रोग्राम फुकट मिळतो. डीएक्सएफची मांडणी मात्र जाहीर आहे, ती कुणीही वाचू शकतो. लिब्रेकॅडसारखे फुकट प्रोग्राम त्यावरच चालतात.

आणि डीएक्सएफ ही बहुतेक वेळा साधी मजकुराची फाईल असते, हे फार कमी जणांना माहीत असतं. नोटपॅडमध्ये उघडा, मोबाईलवर कुठल्याही टेक्स्ट वाचणाऱ्या ॲपमध्ये उघडा, आत शब्द आणि आकडे एकाखाली एक दिसतील. एका रेघेची नोंद साधारण अशी असते : आधी इंग्रजीत ‘लाइन’ हा शब्द. मग पुढं एका ओळीत आठचा आकडा, आणि त्याच्या लगेच खालच्या ओळीत लेयरचं नाव. नंतर दहा आणि वीस या आकड्यांखाली रेघ सुरू होते ती जागा, अकरा आणि एकवीसखाली ती संपते ती जागा. बस्स. अशा हजारो नोंदी म्हणजे तुमचा नकाशा.

म्हणून तपासायची पहिली युक्ती इथंच मिळते. आठच्या खाली वेगवेगळी नावं दिसत असतील तर बिल्ले शाबूत आहेत. सगळीकडं आठच्या खाली नुसतं शून्य असेल तर समजा, कुणीतरी वाटेत सगळे बिल्ले काढून एकाच गोठ्यात जनावरं कोंडली. शून्य हा ऑटोकॅडचा मूळ लेयर, तो प्रत्येक फाईलमध्ये असतोच. ज्याला दुसरं नाव नाही ते तिथं जाऊन पडतं.

बिल्ले कुठं तुटतात

पहिली आणि सगळ्यात मोठी जागा म्हणजे फोटो. नकाशाचा स्क्रीनशॉट काढला किंवा जेपीजी करून पाठवला की लेयर संपले. फोटोत रेघच नसते, नुसते रंगाचे ठिपके असतात. त्यावरून परत नकाशा करायचा तर पुन्हा ट्रेस करणं आलं, आणि ट्रेस करणाऱ्याचा हात इकडंतिकडं झाला की बांध सरकला. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं तर तो वरून आणखी दाबलाही जातो. फाईल ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवायची, म्हणजे ती आहे तशी पोचते.

दुसरी जागा पीडीएफ. पीडीएफमध्ये लेयर राहू शकतात, ती सोय २००३ पासून आहे. पण फाईल कशी काढली यावर सगळं अवलंबून. ऑटोकॅडच्या स्वतःच्या पीडीएफ प्लॉटरमधून काढली आणि त्यात लेयरची माहिती ठेवायची खूण केली तर ते राहतात. विंडोजच्या साध्या ‘प्रिंट टू पीडीएफ’नं काढली तर रेघा राहतात, लेयर जातात. दोन्ही फाईली मोबाईलवर सारख्याच दिसतात, म्हणून तर माणूस फसतो. ऑटोकॅड २०१७ पासून पीडीएफ उलट नकाशात घेताही येते, पण तेव्हाही पीडीएफच्या आत लेयर असले तरच ते परत मिळतात. नसलेलं कुठून आणणार?

तिसरी जागा जरा आतली आहे, पण ड्राफ्टिंग शिकणाऱ्या आपल्या पोरांनी ती नीट लक्षात ठेवावी. दार, खिडकी, झाड, विजेचा खांब अशा वारंवार लागणाऱ्या गोष्टी ‘ब्लॉक’ करून ठेवतात. ब्लॉक बनवताना त्यातल्या रेघा बहुतेक जण शून्य लेयरवर काढतात, कारण मग तो ब्लॉक ज्या लेयरवर ठेवाल त्याचं रूप घेतो. सोयीचं आहे. पण काही प्रोग्राम फाईल बदलताना ब्लॉक फोडून टाकतात, किंवा माणूसच ‘एक्स्प्लोड’ मारतो. ब्लॉक फुटला की आतल्या रेघा परत आपल्या मूळ ठिकाणी, शून्यावर जातात. घरातली सगळी दारं-खिडक्या मग ‘दार’ लेयरवर दिसत नाहीत, शून्यात पडलेल्या असतात. एक्स्प्लोड करायचा मोह टाळावा. करायचाच असेल तर मूळ फाईलची प्रत आधी बाजूला ठेवावी.

चौथी गोष्ट रंगाची. रेघेला रंग द्यायच्या दोन पद्धती आहेत. एक म्हणजे लेयरला रंग द्यायचा आणि रेघेला सांगायचं की लेयरचा रंग घे. ऑटोकॅडमध्ये याला ‘बायलेयर’ म्हणतात. डीएक्सएफमध्ये अशा रेघेच्या नोंदीत रंगाचा आकडा लिहिलेलाच नसतो. दुसरी पद्धत म्हणजे एकेक रेघ निवडून हातानं रंगवायची. दुसऱ्या पद्धतीनं काढलेला नकाशा पडद्यावर झकास दिसतो, आत मात्र सगळं एकाच लेयरवर असू शकतं. दुसऱ्या प्रोग्रामनं रंग टाकून दिले की खेळ खलास. अनेक घाईतले ड्राफ्ट्समन असंच काम करतात, हे इथं स्पष्ट लिहिलेलं बरं. गिऱ्हाइकाला दिसतं ते चांगलं असलं की झालं, असा तो हिशोब.

पाचवी जागा बंद लेयरची. काम करताना गर्दी नको म्हणून ड्राफ्ट्समन काही लेयर बंद करतो किंवा ‘फ्रीझ’ करतो. तसंच पीडीएफ काढलं की बंद होतं ते त्यात येतच नाही. उलट, डीएक्सएफ दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडलं तर कधी कधी बंद लेयरही चालू होऊन समोर येतात, आणि जुना रद्द केलेला रस्ता नव्या रस्त्यावर चढून बसतो. याचाच एक भाऊ म्हणजे ‘डेफपॉइंट्स’ नावाचा लेयर. मापं टाकली की ऑटोकॅड तो आपोआप तयार करतं, आणि त्यावरचं काहीही छापलं जात नाही. चुकून एखादी भिंत त्यावर काढली गेली तर पडद्यावर दिसते, कागदावर गायब.

सहावी जागा, जोडलेल्या फाईली. मोठ्या लेआउटमध्ये मोजणीचा नकाशा वेगळ्या फाईलमध्ये ठेवून फक्त जोडलेला असतो, त्याला ‘एक्सरेफ’ म्हणतात. मुख्य फाईल तेवढी पाठवली तर समोरच्याला मोजणीचा भाग दिसणारच नाही. ‘बाइंड’ करून एकत्र केलं तर दिसतो, पण लेयरच्या नावापुढं जुन्या फाईलचं नाव आणि डॉलरच्या खुणा चिकटतात आणि यादी वाचवत नाही. त्याच ठिकाणी ‘इन्सर्ट’ हा पर्याय घेतला तर नावं साधी राहतात. नाहीतर ऑटोकॅडमधलं ‘ई-ट्रान्समिट’ वापरायचं, ते सगळ्या जोडफाईली गोळा करून एक झिप बांधून देतं.

मराठी नावांचंही सांगतो. लेयरला ‘बांध’ असं देवनागरीत नाव देता येतं आणि आपल्या मशीनवर ते छान दिसतं. पण २००७ च्या आधीच्या रूपातली डीएक्सएफ फाईल युनिकोड सरळ लिहीत नाही, आणि काही प्रोग्राम त्या नावाचे चौकोन किंवा प्रश्नचिन्हं करतात. आपल्या भाषेचा अभिमान सगळ्यांनाच आहे, तरी लेयरची नावं इंग्रजी अक्षरांत, छोटी, मध्ये जागा न सोडता द्यावीत. नकाशावर लिहायचा मजकूर मराठीत असू द्या, पण युनिकोड फॉन्टमध्ये. जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमधलं ‘सामाईक विहीर’ दुसऱ्याच्या मशीनवर तो फॉन्ट नसेल तर भलतीच अक्षरं होऊन बसतं.

घराच्या प्लॅनमध्ये काय अडतं

बांधकाम परवानगीच्या नकाशात रंगांची एक जुनी रीत आहे, राष्ट्रीय इमारत संहितेतही ती दिलेली आहे. प्लॉटची हद्द जाड काळी. सध्याचा रस्ता हिरवा, पुढं होणारा रस्ता हिरवा तुटक. पाडायचं काम पिवळ्या तिरप्या रेघांनी, नवीन काम लाल. सांडपाण्याची लाइन लाल तुटक, पाण्याची काळी बारीक तुटक. नीट बघितलं तर हे कागदावरचे लेयरच आहेत, कॉम्प्युटर यायच्या आधीचे.

आता समजा, जुन्या वाड्याच्या दोन भिंती पाडून वर मजला चढवायचाय. इंजिनिअरनं ‘पाडायचं’, ‘राहणारं’ आणि ‘नवीन’ असे तीन लेयर केले. फाईल तीन हातांतून फिरली, तीन प्रोग्राममध्ये उघडली गेली, शेवटी दुकानातून काळ्या-पांढऱ्या प्रिंटवर मिस्त्रीच्या हातात आली. पिवळी रेघ आणि काळी रेघ आता सारखीच. मिस्त्री अनुभवी असला तर फोन करून विचारेल. नसला तर राहणारी भिंत पाडून मोकळा होईल, आणि दगड-मातीच्या वाड्यात एक भिंत गेली की तिच्यावर टेकलेलं माळवदही खाली येतं.

आणखी एक लेयर आपल्या जिल्ह्यानं तरी हलक्यात घेऊ नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप उमरगा-लोहारा आणि पलीकडं किल्लारी-औशाकडच्या लोकांनी भोगलाय. भूकंपाच्या दृष्टीनं बांधकाम कसं करावं याचं भारतीय मानक ४३२६ आहे, त्यात जोते, लिंटल आणि छताच्या पातळीवर भिंतीभोवती आडवी आरसीसी पट्टी घ्यायला सांगितलंय. ही पट्टी, तिची सळई, कॉलमची जागा, हे सगळं प्लॅनमध्ये बहुधा वेगळ्या लेयरवर असतं. मालकाला दाखवायच्या ‘सुंदर’ प्लॅनमध्ये तो लेयर बंद ठेवतात, कारण गर्दी दिसते. तीच पीडीएफ पुढं साइटवर गेली तर मिस्त्रीला पट्टी दिसतच नाही, आणि जे दिसत नाही ते कुणी बांधत नाही. साइटवर जाणारी फाईल वेगळी काढून घ्या आणि त्यात स्ट्रक्चरचा लेयर चालू आहे का हे इंजिनिअरला स्पष्ट विचारा.

परवानगीचं कामही आता लेयरवर आलंय. राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली २ डिसेंबर २०२० ला मंजूर झाली, आणि नगरपालिकांकडचे प्लॅन ऑनलाइन जायला लागले. प्लॅन तपासायला जी सॉफ्टवेअर वापरतात, उदाहरणार्थ पुण्याच्या सॉफ्टटेक इंजिनिअर्सचं ऑटोडीसीआर, ती माणसासारखा नकाशा ‘बघत’ नाहीत. प्लॉटची हद्द ठरलेल्या लेयरवर शोधतात, इमारत ठरलेल्या लेयरवर, आणि त्यावरून सामासिक अंतर आणि चटई क्षेत्र मोजतात. माणसाला समोर ढळढळीत दिसणारी कंपाउंडची रेघ चुकीच्या लेयरवर असली तर अशा सॉफ्टवेअरच्या दृष्टीनं प्लॉटला हद्दच नाही. अर्ज परत. दुसऱ्या प्रोग्राममध्ये काढून आणलेला प्लॅन म्हणूनच पुन्हा ठरलेल्या लेयरवर बसवावा लागतो. आजकाल बरीच पोरं स्केचअपमध्ये घराचं थ्रीडी करतात. तिथं लेयरला २०२० पासून ‘टॅग’ म्हणतात, नाव बदललं तरी गोष्ट तीच. टॅग नीट लावले असतील तर डीडब्ल्यूजी काढताना त्यांचे लेयर होतात. न लावता सगळं घर एकगठ्ठा ठेवलं असेल तर ते एकगठ्ठाच येणार.

शेताचा नकाशा गूगल अर्थवर नेताना

इथं आणखी एक भानगड आहे. डीएक्सएफमध्ये मापं असतात, पण ती पृथ्वीवर नेमकी कुठली हे लिहिलेलं नसतं. आपण ते प्रोग्रामला सांगावं लागतं. कळंब साधारण ७६ अंश पूर्व रेखांशावर आहे, म्हणजे यूटीएमच्या ४३ व्या पट्ट्यात. रोव्हरनं मोजणी झाली असेल आणि कोपऱ्यांचे आकडे मिळाले असतील तर ते घेऊन नकाशा जागेवर बसवता येतो. नुसता कागदावरून ट्रेस केलेला नकाशा शून्यापासून सुरू होतो. तो तसाच ४३ व्या पट्ट्यात टाकला तर तुमचा गट ईटकूर-मोह्याला न दिसता हिंदी महासागरात, मालदीवच्या पश्चिमेला जाऊन पडतो. हसण्यावारी नेऊ नका, हे प्रकार होतात.

हे काम करायला क्यूजीआयएस नावाचा फुकट प्रोग्राम चांगला आहे. त्यात डीएक्सएफ उघडलं की ऑटोकॅडचे लेयर वेगवेगळे दिसत नाहीत. सगळ्या रेघा एकत्र येतात आणि सोबतच्या तक्त्यात ‘लेयर’ नावाचा एक रकाना असतो. नवशिका माणूस इथं घाबरतो, त्याला वाटतं लेयर गेले. गेले नाहीत, फक्त रकान्यात बसलेत. त्या रकान्यावरून रंग वाटून द्यायचे की अभिलेखाची हद्द एका रंगात आणि वहिवाट दुसऱ्या रंगात परत दिसायला लागते.

खरी चूक पुढच्या पायरीला होते. गूगल अर्थसाठी केएमएल फाईल काढताना सगळं एकदम काढलं की बरेचदा रंग आणि नावं विस्कटतात आणि फोनवर पुन्हा सगळ्या रेघा सारख्या. त्यापेक्षा एकेक लेयर निवडून त्याची वेगळी केएमएल काढावी. एक फाईल अभिलेखाच्या हद्दीची, एक वहिवाटीची, एक पाइपलाइनची. फोनवर एकेक चालू-बंद करून बघता येते. चार फाईली सांभाळायचा त्रास आहे, मान्य, पण कुंपणाचे खांब उपटून परत लावण्यापेक्षा बरा. उलट दिशेनं, क्यूजीआयएसमधून ऑटोकॅडवाल्याला द्यायचं असेल तर ‘प्रोजेक्ट’मधून डीएक्सएफ एक्सपोर्ट करावं. तिथं लेयरचं नाव कुठल्या रकान्यातून घ्यायचं हे निवडता येतं. ते न निवडता पुढं गेलात तर सगळं एका नावाखाली जातं.

शेपफाईल नावाचा एक जुना प्रकारही फिरत असतो. तिच्यात एका फाईलमध्ये एकच प्रकार बसतो, नुसते बिंदू, नुसत्या रेघा किंवा नुसते बंद आकार, आणि रकान्याचं नाव दहा अक्षरांपुढं कापलं जातं. विहीर बिंदू, पाइपलाइन रेघ, गट बंद आकार, म्हणजे तीन वेगळ्या फाईली झाल्या. त्यातली एखादी पाठवायची राहिली तर विहीरच नकाशातून जाते. शिवाय शेपफाईल म्हणजे एकाच नावाच्या तीन-चार फाईलींचा जुडगा असतो. फक्त एक पाठवून उपयोग नाही, झिप करून सगळ्या पाठवाव्या लागतात.

गावठाणाचंही काम असंच नकाशावर उभं आहे. २४ एप्रिल २०२० ला केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली. आपल्या राज्यात गावठाणाच्या ड्रोन मोजणीचा पहिला प्रयोग त्याआधीच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीला झाला होता. आधी मिळकतींच्या कडांना चुन्याच्या रेघा मारतात, मग ड्रोन फोटो घेतं. पण फोटो हा फोटोच. त्यावरून प्रत्येक घर, रस्ता, मोकळी जागा वेगळी काढून, वेगळी नोंदवून, गावात पडताळून मगच मिळकत पत्रिका तयार होते. फोटोतल्या ठिपक्यांना नाव देण्याचं कामच त्यात मोठं असतं.

जाता जाता, फ्लेक्सवाल्यांचं. कोरलड्रॉमधलं डिझाईन फोटोशॉपला देताना पीएसडी निवडून लेयर राखायची खूण केली तर वाढदिवसाच्या बॅनरवरचं नाव आणि फोटो वेगळे राहतात. जेपीजी दिली तर पुढच्या वर्षी नुसता आकडा बदलायलाही सगळं नव्यानं. सीएनसीवर दरवाजा-गेट कापणाऱ्यांना तर हे चांगलंच माहीत आहे. तिथं आरपार कापायच्या रेघा आणि नुसत्या कोरायच्या रेघा वेगळ्या लेयरवर नसतील तर फळी वाया जाते.

पैसे देताना काय मागायचं

प्लॅन किंवा नकाशाचं काम सांगताना पहिल्या दिवशीच बोलून घ्या, काम झाल्यावर मागितलं की टाळाटाळ होते. छापील प्रत आणि पीडीएफ तर घ्याच, पण सोबत मूळ डीडब्ल्यूजी आणि त्याचं डीएक्सएफ मागा. समोरच्याकडं जुना प्रोग्राम असू शकतो म्हणून ‘सेव्ह ॲज’मध्ये २०१० किंवा २०१३ चं रूप घ्यायला सांगा. आणि एका कागदावर लेयरची यादी लिहून घ्या : कुठल्या नावाच्या लेयरवर काय आहे, रंग कुठला, मापं मीटरमध्ये आहेत की मिलिमीटरमध्ये. ही यादी दहा मिनिटांचं काम आहे आणि वर्षभरानं तीच उपयोगी पडते, कारण तोवर नाव देणाऱ्यालाही आठवत नाही की त्या अमुक नावाचा अर्थ काय होता. काही जण मूळ फाईल द्यायला नाखूष असतात, आपलं काम दुसरा चोरेल म्हणून. त्यांचंही पूर्ण चूक नाही. पण निदान डीएक्सएफ द्यायला हरकत नसावी, आणि हे आधी ठरलं तर वाद राहत नाही.

फाईल हातात आली की तिथल्या तिथं तपासा. डीडब्ल्यूजी असेल तर मोबाईलवर ऑटोकॅडचं किंवा डीडब्ल्यूजी फास्टव्ह्यूसारखं ॲप टाकून उघडा आणि लेयरची यादी काढा. यादीत एकच शून्य दिसलं तर तिथंच विचारा. यादी दिसली तर ‘वहिवाट’ किंवा ‘नवीन काम’ असं जे नाव असेल ते बंद करून बघा. नेमक्या त्याच रेघा गेल्या पाहिजेत, ना एक जास्त, ना एक कमी. डीएक्सएफ असेल तर वर सांगितलेली आठच्या आकड्याची युक्ती करा. शेवटी मूळ नकाशावरची एक ओळखीची लांबी, समजा विहिरीपासून कोपऱ्यापर्यंतची, ॲपमध्ये मोजून बघा. ती जुळली की फाईल ठेवायची, आणि ‘क’ प्रतीच्या झेरॉक्सवर फाईलचं नाव आणि तारीख पेनानं लिहून दोन्ही एकाच पिशवीत.